पर्ल मॉड्यूल्स पोचवायची कशी? कोहा आणि ग्रामीण ग्रंथालयांच्या निमित्ताने एक आढावा

प्रश्न काय आहे

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या शेणवा, किन्हवली, डोळखांब, सरळगाव, टोकावडे अशा गावांच्या परिसरात एखाद्या महाविद्यालयाने किंवा वाचनालयाने संगणकीकरण करायचे ठरवले, की आधी पैशाचा विषय निघतो. मग कोणीतरी कोहाचे नाव काढतो. कोहा हे ग्रंथालयासाठीचे मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्याला परवाना शुल्क नाही, आणि मोठमोठी विद्यापीठेही ते वापरतात. महाविद्यालयांना तर आणखी एक निकड असते. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या स्वयंमूल्यमापन अहवालात ग्रंथालयाच्या संगणकीकरणाचा वेगळा निकष आहे. तिथे सॉफ्टवेअरचे नाव, आवृत्ती, संगणकीकरण पूर्ण की अंशतः आणि ते कोणत्या वर्षी झाले, हे सगळे लिहून द्यावे लागते.

कोहा फुकट मिळते, पण ते चालू करायला मेहनत लागते. ते पर्ल भाषेत लिहिलेले आहे आणि शंभराहून अधिक पर्ल मॉड्यूल्सवर उभे आहे. ही मॉड्यूल्स योग्य आवृत्तीची, योग्य जागी आणि एकमेकांशी जुळणारी असली तरच देवघेवीच्या टेबलावरचा पडदा उजळतो. ती तशी पोचवायची कशी, यावर पर्लच्या जगात तीस वर्षे विचार चालू आहे. हा प्रश्न एका मताने सुटलेला नाही. त्या चर्चेत कोणत्या भूमिका आहेत, त्यांचे बळ आणि उणिवा काय आहेत, आणि काय सुटायचे राहिले आहे, हे ठाणे जिल्ह्यातल्या ग्रामीण ग्रंथालयाला समोर ठेवून पाहू.

ठाण्याचा या विषयाशी जुना संबंध आहे. कोहाच्या जागतिक समुदायाची 2011 सालची परिषद, कोहाकॉन, ठाणे शहरात विद्या प्रसारक मंडळाच्या परिसरात भरली होती. त्याआधीच्या परिषदा पॅरिस, टेक्सासमधले प्लेनो आणि वेलिंग्टन इथे झाल्या होत्या. कोहा घडवणारी आणि त्याची बांधणी करणारी माणसे त्या वर्षी ठाण्यात आली होती. शहापूर-मुरबाड त्याच जिल्ह्यात आहे.

पार्श्वभूमी: सीपॅन आणि त्याची हत्यारे

लॅरी वॉल यांनी पर्लची पहिली आवृत्ती 18 डिसेंबर 1987 रोजी प्रसिद्ध केली. 1994 मध्ये पर्ल 5 आले आणि भाषेत मॉड्यूलची रीतसर सोय झाली. एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याला आपल्या कार्यक्रमात जसाच्या तसा वापरता येऊ लागला. मग असा कोड ठेवायचा कुठे आणि शोधायचा कुठे, हा प्रश्न आला. 1995 मध्ये यार्को हिएतानिएमी, आंद्रेआस कोनिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीपॅन, म्हणजे कॉम्प्रिहेन्सिव्ह पर्ल आर्काइव्ह नेटवर्क, उभे केले. एका मुख्य साठ्याच्या प्रती जगभरच्या सर्व्हरवर ठेवायच्या आणि जवळच्या सर्व्हरवरून उतरवून घ्यायच्या, अशी ती रचना होती. पायथॉन आणि जावास्क्रिप्टच्या आजच्या भांडारांपेक्षा ती कितीतरी जुनी आहे. आज सीपॅनवर दोन लाखांहून अधिक मॉड्यूल्स आहेत.

भांडाराबरोबर एक शिस्तही आली. प्रत्येक मॉड्यूलसोबत त्याच्या चाचण्या द्यायच्या, आणि बसवण्याआधी त्या वापरणाऱ्याच्या यंत्रावर चालवायच्या. सीपॅन टेस्टर्स नावाचा स्वयंसेवकांचा गट तर चढवलेले प्रत्येक मॉड्यूल वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर आणि पर्लच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांवर चालवून अहवाल देतो. आपले मॉड्यूल फ्रीबीएसडीवर चालते आणि विंडोजवर पडते, हे लेखकाला घरबसल्या कळते. सर्व प्लॅटफॉर्मवर चालणाऱ्या कोडच्या बाबतीत पर्ल जगाचा हा मोठा ठेवा आहे.

बांधणीच्या हत्यारांची कहाणी मात्र इतकी सरळ नाही. सुरुवातीपासून मुख्य हत्यार आहे एक्सटयुटिल्स::मेकमेकर. ते मेकफाइल तयार करते आणि पुढचे काम 'मेक' या युनिक्सच्या जुन्या साधनावर सोपवते. विंडोजवर मेक मुळात नसते आणि युनिक्सच्या निरनिराळ्या प्रकारांवर त्याच्या तऱ्हा वेगळ्या असतात. म्हणून केन विल्यम्स यांनी मेकशिवाय, निव्वळ पर्लमध्ये चालणारे मॉड्यूल::बिल्ड लिहिले. 2007 च्या पर्ल 5.10 बरोबर ते मुख्य पर्लमध्ये आले, आणि 2015 च्या 5.22 मध्ये त्याला मुख्य पर्लमधून बाहेर काढले गेले. हत्यार चांगले असले तरी ते सांभाळणारी माणसे कायम मिळतील, याची खात्री नसते. हीच गोष्ट पुढे या आढाव्यात वारंवार दिसेल.

नंतर हत्यारांची सरमिसळ कमी करणारा मार्ग निघाला. मॉड्यूलला कशाकशाची गरज आहे हे कोडमध्ये न दडवता एका माहितीपत्रकात लिहायचे, आणि तेही टप्प्यांनुसार: तयारीला काय लागते, बांधणीला काय, चाचणीला काय, चालवायला काय. तात्सुहिको मियागावा यांनी 2010 मध्ये आणलेल्या सीपॅनमायनसने हे पत्रक वाचून, फार प्रश्न न विचारता मॉड्यूल बसवण्याची सवय लावली. त्यांनीच रुळवलेल्या सीपॅनफाइलमध्ये एखादे संपूर्ण ॲप्लिकेशन आपल्या सगळ्या गरजा एका जागी लिहू शकते. कोहाच्या मूळ कोडमध्येही आता अशी सीपॅनफाइल आहे.

एक मॉड्यूल जवळून पाहू

अडचण नेमकी कुठे येते हे कळण्यासाठी कोहाला लागणारे एकच मॉड्यूल घेऊ: एक्सएमएल::लिबएक्सएमएल. ग्रंथनोंदी मार्क नावाच्या मांडणीत असतात आणि त्या एक्सएमएलमध्ये नेण्या-आणण्यासाठी हे मॉड्यूल लागते.

सीपॅनमायनसला ते बसवायला सांगितले की ते आधी संकुचित गठ्ठा उतरवते, माहितीपत्रक वाचते आणि आधी लागणारी मॉड्यूल्स आणते. मग मेकफाइल तयार होते, सी भाषेतला भाग कंपाइल होतो, चाचण्या चालतात आणि सगळे ठीक असेल तर फाइली जागेवर जातात. खरी अडचण सी भाषेच्या भागात असते. हे मॉड्यूल निव्वळ पर्लचे नाही. ते लिबएक्सएमएल-2 या सी लायब्ररीवर बसवलेले आवरण आहे. यंत्रावर सी कंपायलर नसेल किंवा त्या लायब्ररीच्या हेडर फाइली नसतील, तर पडद्यावर ओळींमागून ओळी सरकतात आणि शेवटी एकच वाक्य उरते: स्थापना फसली, तपशील लॉगमध्ये पाहा. ग्रंथपालाला त्या लॉगमधून काही बोध होण्याची शक्यता कमीच.

हेच मॉड्यूल डेबियन किंवा उबंटू लिनक्सवर लिबएक्सएमएल-लिबएक्सएमएल-पर्ल या नावाच्या तयार पॅकेजात मिळते. ॲप्ट या पॅकेज साधनाला एक आज्ञा दिली की काही सेकंदांत ते बसते. कंपायलर लागत नाही, कारण कंपाइल करण्याचे काम डेबियनच्या यंत्रांवर आधीच झालेले असते.

सी भाग असलेल्या मॉड्यूल्सची आणखी एक अट आहे. ती ज्या पर्ल आवृत्तीसाठी कंपाइल झाली, त्याच मालिकेच्या पर्लवर चालतात. डेबियन 12 मध्ये पर्ल 5.36 आहे, डेबियन 13 मध्ये 5.40. एकीकडून दुसरीकडे जाताना अशी सगळी मॉड्यूल्स नव्याने बांधावी लागतात. डेबियनच्या पॅकेजांसाठी हे काम डेबियनचे लोक करतात. हाताने बसवलेल्या मॉड्यूल्ससाठी ते कोणीच करत नाही.

पहिली भूमिका: थेट सीपॅनवरून

पर्लच्या अनेक जुन्या विकासकांना थेट सीपॅनवरून मॉड्यूल घेणे सर्वांत स्वच्छ वाटते. त्यांचे म्हणणे वजनदार आहे. लेखकाने सुधारणा केली की ती लगेच मिळते. चाचण्या आपल्याच यंत्रावर चालतात, त्यामुळे दोष आधी कळतो. लिनक्स, मॅक, विंडोज, बीएसडी, कुठेही रीत एकच. डेबियनसारख्या लिनक्स वितरणाच्या पॅकेजांमध्ये जुनी आवृत्ती अडकून बसते आणि लेखकाने कधीच दुरुस्त केलेल्या दोषाबद्दल वापरणारे पुन्हा पुन्हा तक्रार करतात, ही त्यांची रास्त कुरकुर आहे.

उणीव अशी, की 'नवीनतम' आपल्या बाकीच्या मांडणीला मानवेलच असे नाही. डीबीडी::मायएसक्यूएल हे मॉड्यूल पाहा. कोहाचा सगळा डेटा त्यामार्फत डेटाबेसमध्ये जातो. 2023 मध्ये आलेल्या त्याच्या पाचव्या मालिकेने मारियाडीबीच्या क्लायंट लायब्ररीचा आधार सोडला. ती फक्त मायएसक्यूएल 8 च्या लायब्ररीवर बांधता येते, आणि मारियाडीबीसाठी डीबीडी::मारियाडीबी हे वेगळे मॉड्यूल आहे. डेबियनवर तर मूळ डेटाबेस म्हणून मारियाडीबीच येतो. तिथे कोणी सीपॅनवरून नवीन डीबीडी::मायएसक्यूएल ओढले, की बांधणी तिथेच अडते.

दुसरी भूमिका: वितरणाची पॅकेजेस

दुसरी भूमिका लिनक्स वितरणांची आहे. मॉड्यूल वापरणाऱ्याने थेट सीपॅनला हात लावू नये, वितरणाने बांधलेले पॅकेज घ्यावे. डेबियनचा पर्ल गट तीन हजारांहून अधिक मॉड्यूल्सची पॅकेजेस सांभाळतो. फेडोरा, सूसे आणि फ्रीबीएसडीकडेही असे मोठे संच आहेत. सीपॅनचा गठ्ठा घेऊन पॅकेजाचा कच्चा आराखडा करून देणारी हत्यारे सगळ्यांकडे आहेत. त्यावर माणसाचा हात फिरतो, परवाना तपासला जातो आणि मगच पॅकेज भांडारात जाते.

या रीतीचे फायदे प्रशासकाला पटकन दिसतात. सी लायब्ररी, डेटाबेस, वेब सर्व्हर आणि पर्ल मॉड्यूल्स एकाच यंत्रणेखाली येतात. काय बसवले आहे याची यादी एका आज्ञेने मिळते. काढून टाकणे सोपे असते. सुरक्षेची दुरुस्ती आपोआप येते. कोहानेही हाच रस्ता धरला. त्याचे कोहा-कॉमन हे पॅकेज डेबियन आणि उबंटूसाठी कोहा समुदायाच्या स्वतःच्या भांडारात असते. डेबियनमध्ये नसलेली किंवा तिथे जुनी असलेली काही मॉड्यूल्सही तिथेच ठेवलेली असतात. भांडाराचा पत्ता आणि सही तपासण्याची किल्ली जोडायची, कोहा-कॉमन आणि मारियाडीबी बसवायचे, कोहा-क्रिएटने ग्रंथालयाचा खाता-संच तयार करायचा, आणि मग ब्राउझरमधून उरलेली जुळवणी करायची. एवढ्यात काम होते.

उणीव दोन बाजूंनी येते. वितरणाची गती संथ असते, त्यामुळे विकासकाला नवे मॉड्यूल हवे असले तर थांबावे लागते. आणि दुसरे म्हणजे सरमिसळ. डेबियनवर पर्ल मॉड्यूल शोधताना आधी स्थानिक फोल्डर पाहते, मग वितरणाचे. कोणी उत्साहाने सीपॅनवरून एखादे मॉड्यूल बसवले की ते स्थानिक फोल्डरात जाते आणि वितरणाच्या आवृत्तीला झाकून टाकते. वितरण म्हणते मी दुरुस्त केले, पण पर्ल जुनेच उचलते. पुढे पर्लची आवृत्ती बदलली की स्थानिक फोल्डरचे नावही बदलते आणि तिथले मॉड्यूल एकदम गायब झाल्यासारखे होते. अशी गडबड शोधायला अनुभवी माणसालाही वेळ लागतो.

तिसरी भूमिका: ॲप्लिकेशनचा स्वतःचा संच

तिसरी भूमिका या दोघांच्या मधली आहे. प्रत्येक ॲप्लिकेशनने आपला मॉड्यूल संच आपल्याजवळ ठेवावा, यंत्राच्या पर्लला हात लावू नये. लोकल::लिब घरच्या फोल्डरात मॉड्यूल्स बसवू देते. कार्टन सीपॅनफाइल वाचून सगळ्या मॉड्यूल्सच्या नेमक्या आवृत्त्या एका कुलूप-फाइलीत नोंदवते, म्हणजे उद्या दुसऱ्या यंत्रावर तोच संच उभा करता येतो. पर्लब्रू तर यंत्राचे पर्ल बाजूला ठेवून वेगळेच पर्ल वापरू देते.

वेबसाइट चालवणाऱ्या चमूंना ही रीत सोयीची आहे, कारण त्यांच्याकडे दिवसभर कोडजवळ बसणारी माणसे असतात. एकाच यंत्रावर दोन ॲप्लिकेशनना एकाच मॉड्यूलच्या दोन आवृत्त्या लागल्या तरी भांडण होत नाही. पण मग सुरक्षेची दुरुस्ती कोण आणणार? वितरण आणणार नाही, कारण तो संच त्याच्या यादीत नसतो. ॲप्लिकेशनच्या मालकाने स्वतः लक्ष ठेवायचे, चाचण्या चालवायच्या आणि कुलूप-फाइल बदलायची. हे नियमित न झाल्यास चारपाच वर्षांपूर्वीचा संच निमूटपणे चालू राहतो.

चौथी भूमिका: सगळे एकत्र बांधून

चौथ्या भूमिकेत मॉड्यूल्सबरोबर सगळे वातावरणच बांधून दिले जाते. याची जुनी रूपे पर्लमध्ये आहेत. 2002 मध्ये ऑड्री तांग यांनी सुरू केलेले 'पार' हे साधन पर्लचा कार्यक्रम, त्याची मॉड्यूल्स आणि हवे तर पर्लसुद्धा एकाच चालवता येणाऱ्या फाइलीत बसवते. ज्याच्याकडे पर्ल नाही त्यालाही ती फाइल देता येते. छोट्या साधनांसाठी हे चांगले चालते. कोहासारख्या, वेब सर्व्हर, डेटाबेस आणि शोधयंत्रणा लागणाऱ्या अवजड ॲप्लिकेशनसाठी मात्र एक फाइल पुरत नाही.

तिथे आभासी यंत्र, लाइव्ह डीव्हीडी किंवा डॉकर येते. कोहाच्या लाइव्ह डीव्हीडी भारतात अनेक ग्रंथपालांनी वापरल्या. डिस्क घालायची, संगणक त्यावरून सुरू करायचा, कोहा चालू. कोहाचे विकासक स्वतः चाचणीसाठी डॉकरवर आधारलेले वातावरण वापरतात. रोजच्या वापरासाठीही डॉकरच्या प्रतिमा बांधल्या जातात.

या भूमिकेच्या बाजूने बोलणारे म्हणतात, की प्लॅटफॉर्मचा प्रश्न यात संपतो. विंडोजच्या संगणकावर आभासी यंत्र चालवा, आत डेबियन असते आणि आत कोहा डेबियनवरच असल्यासारखे चालते. आक्षेप घेणारे विचारतात, त्या प्रतिमेत कोणती मॉड्यूल्स आहेत आणि ती कधी दुरुस्त झाली? लाइव्ह डीव्हीडी ज्या दिवशी बनली त्या दिवशीच ती गोठते. डॉकरची प्रतिमाही पुन्हा बांधल्याशिवाय ताजी होत नाही.

हा आक्षेप किती खरा आहे हे 2023 मध्ये दिसले. स्प्रेडशीट::पार्सएक्सेल हे एक्सेल फाइल वाचणारे पर्ल मॉड्यूल कित्येक वर्षे कोणी हाताळले नव्हते. बॅराकुडा या कंपनीच्या ईमेल सुरक्षा उपकरणात ते आत बांधलेले होते. त्यातल्या दोषाचा फायदा घेऊन, खास बनवलेली एक्सेल फाइल पाठवून, हल्लेखोरांनी उपकरणावर आपला कोड चालवला. कंपनीने डिसेंबर 2023 मध्ये हे जाहीर केले आणि त्याच महिन्यात सीपॅनवर मॉड्यूलची दुरुस्त आवृत्ती आली. उपकरण विकत घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना आपल्याकडे हे मॉड्यूल आहे, हे माहीत असेल.

विंडोजचा स्वतंत्र प्रश्न

ग्रामीण शाळा-महाविद्यालयांत संगणक येतो तो बहुधा विंडोजचा. म्हणून विंडोजवरच्या पर्लचा विचार वेगळा करावा लागतो. तिथे दोन रस्ते मोठे. ॲक्टिव्हस्टेट कंपनीच्या ॲक्टिव्हपर्लमध्ये कंपाइल केलेली मॉड्यूल्स पीपीएम या व्यवस्थापकामार्फत मिळत. कंपायलर नसलेल्यांची मोठी सोय होती. पुढे कंपनीने पीपीएम सोडले आणि आपली मांडणी बदलली. दुसरा रस्ता स्ट्रॉबेरी पर्लचा. ॲडम केनेडी यांनी सुरू केलेल्या या संचात पर्लबरोबर जीसीसी कंपायलर आणि मेकही असते, त्यामुळे सीपॅनवरून थेट मॉड्यूल बांधता येते.

तरीही कोहासाठी विंडोज हा आज अधिकृत रस्ता नाही. शोधयंत्रणा झेब्रा, पार्श्वभूमीत चालणारी कामे, फाइलींच्या परवानग्या, हे सगळे युनिक्सच्या धाटणीचे आहे. विंडोजवर कोहा हवेच असले तर आत लिनक्स चालवणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो. मॉड्यूल लिहिणाऱ्यांनी मात्र विंडोज विसरू नये, असा पर्लच्या परंपरेचा आग्रह आहे. फाइलीचा मार्ग हाताने न जोडता फाइल::स्पेक वापरावे, लहान-मोठ्या अक्षरांच्या फरकावर विसंबू नये, ओळीच्या शेवटाचा विचार करावा, असे नियम पर्लच्या सोबतच्या कागदपत्रांत सविस्तर लिहिलेले आहेत. यातले काही दुखणे प्लॅटफॉर्मचे नसते, पर्लच्या स्वतःच्या बदलांचे असते. 2017 च्या पर्ल 5.26 ने सध्याचे फोल्डर मॉड्यूल शोधण्याच्या यादीतून काढून टाकले. सुरक्षेसाठी ते योग्य होते, पण बांधणीच्या अनेक जुन्या फाइली त्या एका बदलाने मोडल्या.

सुरक्षा: जुने विश्वास, नवे नियम

सीपॅन परस्परविश्वासावर वाढले. गठ्ठा बरोबर आला का हे पाहायला चेकसम होते, पण तो कोणी चढवला याची सही तपासणे फारसे रूढ झाले नाही. 2023 मध्ये एक जुनी गोष्ट सर्वांच्या नजरेत आली: सीपॅनवरून मॉड्यूल आणणारे सीपॅन.पीएम हे मूळ साधन सुरक्षित जोडणी वापरतानाही समोरच्या सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासत नव्हते. 2.35 आवृत्तीत ते सुधारले गेले. त्याच वर्षी सीपॅनच्या सुरक्षेसाठी स्वयंसेवकांचा वेगळा गट उभा राहिला, आणि 2025 मध्ये या गटाला दोषांना अधिकृत सीव्हीई क्रमांक देण्याचा अधिकार मिळाला. सीपॅनवरच्या दोषांची शिस्तीत नोंद होऊ लागली आहे. ती नोंद वाचून आपले यंत्र दुरुस्त करणारा कोणी असायला हवा, हा भाग मात्र कोणत्याही गटाच्या हातात नाही.

ग्रामीण ग्रंथालयाचे वास्तव

आता हा सगळा प्रश्न शहापूर-मुरबाडसारख्या भागात नेऊन पाहू. तिथे तीन गोष्टी निर्णायक ठरतात: इंटरनेटची जोडणी, वीज आणि माणूस.

जोडणी मधूनमधून मिळत असेल तर सीपॅनवरून शंभर मॉड्यूल्स एकेक करून बांधत बसणे धोक्याचे. अर्ध्यावर खंड पडला की अर्धवट संच राहतो. पॅकेजेस एकदा उतरवून नेता येतात. दुसरीकडच्या संगणकावर लागणारी पॅकेजेस पेनड्राइव्हवर भरून देणारे ॲप्ट-ऑफलाइन हे साधन याचसाठी आहे. सीपॅनचीही अशी सोय आहे. सीपॅन::मिनी सगळ्या मॉड्यूल्सच्या फक्त चालू आवृत्त्यांची प्रत आपल्याजवळ ठेवू देते. पण ती प्रत काही गिगाबाइटची असते आणि बांधणीची कटकट तशीच राहते.

पावसाळ्यात वीज वारंवार जाते. अपडेट चालू असताना यंत्र बंद पडले तर पॅकेज यंत्रणा अर्धवट काम नंतर पुरे करू शकते. हाताने बांधलेल्या संचाला ती सोय नसते. डेटाबेसची राखण तर सगळ्याच रीतींमध्ये करावी लागते. कोहाची पॅकेजेस रोजचा बॅकअप आपोआप घेतात, पण तो त्याच संगणकावर राहिला तर डिस्क गेली की बॅकअपही जातो. संगणक बदलायचा असेल तर नव्या यंत्रावर कोहा पॅकेजांतून बसवायचे आणि बॅकअप परत आणायचा. मॉड्यूल्स एका यंत्रावरून दुसऱ्यावर कॉपी करायची नाहीत, कारण पर्लची आवृत्ती वेगळी असू शकते.

माणसाचा मुद्दा सर्वांत अवघड. छोट्या ग्रंथालयात ग्रंथपाल आणि एक-दोन मदतनीस असतात. त्यांच्याकडून कंपायलरच्या चुका वाचण्याची अपेक्षा करता येत नाही. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात कोहा आणि पर्ल या दोन्हींवर धडे आहेत. त्यांनी बसवणे आणि वापरणे शिकता येते. वर्षानुवर्षे सांभाळण्याचे कौशल्य मात्र धड्यांतून पुरते येत नाही.

यामुळेच काही ग्रंथालये पर्लच्या वाटेलाच जात नाहीत. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे सोल हे ग्रंथालय सॉफ्टवेअर अनेक महाविद्यालयांत विंडोजवर चालते. त्याची 2.0 आवृत्ती 2009 मध्ये आणि 3.0 आवृत्ती 2021 मध्ये आली. नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटरचे ई-ग्रंथालय सरकारी ग्रंथालयांसाठी आहे आणि त्याची नवी मांडणी क्लाउडवर आहे. कोहासुद्धा बाहेरच्या सेवादात्याच्या सर्व्हरवर चालवून घेता येते. मग मॉड्यूल्सची चिंता ग्रंथालयाची राहत नाही. पण जोडणी तुटली की देवघेव थांबते, आणि आपला डेटा दुसऱ्याच्या ताब्यात असतो. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम 1967 खाली अनुदान घेणाऱ्या, विशेषतः क आणि ड वर्गातल्या छोट्या वाचनालयांना यातला कोणताही खर्च दरवर्षी पेलेल असे गृहीत धरता येत नाही.

मराठी शोध: पॅकेजात न येणारा भाग

पॅकेज बसले म्हणजे मराठी ग्रंथालयाचे काम झाले, असेही नाही. कोहाची शोधयंत्रणा झेब्रा सुरुवातीला लॅटिन लिपी डोळ्यांसमोर ठेवून बसवलेली असते. देवनागरी शब्द नीट तुटावेत आणि सापडावेत यासाठी तिच्या जुळणी-फाइलीत बदल करून आयसीयू ही पद्धत चालू करावी लागते आणि सगळ्या नोंदींची अनुक्रमणिका पुन्हा बांधावी लागते. हा बदल पर्ल मॉड्यूलचा नाही, जुळणीचा आहे. तो नेमका कोणत्या फाइलीत, कोणत्या तारखेला आणि कोणी केला याची नोंद ठेवली नाही, तर पुढच्या अपडेटच्या वेळी पॅकेज यंत्रणेने विचारलेल्या प्रश्नाला चुकीचे उत्तर दिले जाते आणि मराठी शोध बंद पडतो. वेगवेगळ्या प्लॅटफॉर्मवर मॉड्यूल्स पोचवण्याच्या चर्चेत स्थानिक जुळणीचा हा भाग फारच कमी येतो.

अजून न सुटलेले

हत्यारांपुरते पाहिले तर प्रश्न बराच सुटला आहे. माहितीपत्रके, सीपॅनमायनस, कार्टन, वितरणांची पॅकेजेस आणि डॉकर, प्रत्येकाची जागा आता ठरलेली आहे. एकाने दुसऱ्याला संपवावे, असा आग्रह आता फारसा ऐकू येत नाही.

उरलेल्या मुद्द्यांपैकी पहिला, सी लायब्ररीवर बसलेल्या मॉड्यूल्सचा. एलियन नावाच्या मॉड्यूल्सनी अशी लायब्ररी शोधून आणण्याची किंवा बांधून देण्याची सोय केली आहे, पण त्यांच्या ओळखीबाहेरच्या यंत्रांवर ती हमखास चालत नाही. दुसरा, जुन्या मॉड्यूल्सची राखण. पर्ल वापरणारे कमी होत गेले तसे अनेक मॉड्यूल्सना सांभाळणारा उरला नाही, आणि तीच मॉड्यूल्स मोठ्या ॲप्लिकेशनच्या पोटात अजून चालू आहेत. तिसरा, आत बांधलेल्या संचांची पारदर्शकता: कोणत्या प्रतिमेत काय आहे हे वापरणाऱ्याला सहज वाचता यावे, अशी सर्वांना मान्य पद्धत अजून रुळायची आहे. चौथा, छोट्या संस्थेत दुरुस्ती करणाऱ्या माणसाचा.

लेखाचा निष्कर्ष

या चार भूमिकांतला खरा फरक तंत्राचा कमी आणि जबाबदारीचा जास्त आहे. थेट सीपॅन वापरले तर देखभाल वापरणाऱ्यावर येते. वितरण वापरले तर वितरणावर, स्वतःचा संच ठेवला तर ॲप्लिकेशनच्या चमूवर, आणि बांधलेली प्रतिमा घेतली तर ती बांधणाऱ्यावर. मोठ्या शहरातल्या कंपनीकडे चमू असतो, म्हणून तिला तिसरी किंवा चौथी रीत परवडते. शेणव्याच्या बाजूच्या ग्रंथालयाकडे तो नसतो. म्हणून त्याच्यासाठी आजच्या स्थितीत डेबियन किंवा उबंटूच्या दीर्घ आधाराच्या आवृत्तीवर कोहाची अधिकृत पॅकेजेस बसवणे, त्यात सीपॅनवरून काहीही न मिसळणे आणि बॅकअप दुसऱ्या जागी ठेवणे, हाच मार्ग टिकणारा आहे.

त्यापुढचे पाऊल एकेकट्या ग्रंथालयाने उचलण्याजोगे नाही. तालुक्यातल्या चारपाच महाविद्यालयांनी आणि वाचनालयांनी मिळून एक सांभाळणारा माणूस ठेवला, सगळ्यांनी एकच आवृत्ती वापरली आणि जुळणीच्या नोंदी एकाच वहीत ठेवल्या, तर खर्च वाटला जातो आणि ज्ञानही टिकते. कोहा बसवण्याचा ठराव करताना अंदाजपत्रकात संगणकाच्या खर्चाखाली वार्षिक देखभालीची एक ओळ आधी लिहावी. ती ओळ लिहिता येत नसेल, तर सॉफ्टवेअर फुकट आहे म्हणून ते घेण्याची घाई करू नये.